तीन टोपणं ऑइल

टेंपो माझ्या गाड्या दुरुस्तीच्या दुकानापुढे थांबला तेव्हा नवरा ड्रायव्हरशेजारी बसला होता आणि बायको मागे, फळीला पाठ टेकून, दोन्ही हातांनी मोटारसायकल धरून उभी होती. दोघं साठीच्या आसपासची, कळंबच्या वरच्या अंगाला डोंगराखाली एक वाडी आहे तिथली. तो एका फार्महाऊसवर राखणीला असतो, ती बाजार करते. मोसमात जे निघेल ते गाडीवर लादून दोघं नेरळला आणतात.

"ताई, गाडी पकडली," तो उतरता उतरता म्हणाला. "किक खाली जातच नाय. हिनं पेट्रोलात ऑइल घातलं नाय. कोरंच भरलं."

"घातलं व्हतं," ती वरूनच म्हणाली. "तीन टोपनं."

मी किकवर हात दाबून पाहिला. दगडावर हात ठेवल्यासारखी किक. टू-स्ट्रोक गाडीचं इंजिन पेट्रोलात मिसळलेल्या ऑइलवरच जगतं. ते नसेल तर पिस्टन तापतो, फुगतो आणि सिलिंडरला आतून चिकटून बसतो. आता पंपावर ऑइल मिसळून देणारं कुणी राहिलेलं नाही, त्यामुळे या जुन्या गाड्या माझ्याकडे येतात त्या बहुतेक याच कारणाने. म्हणून मी बोलून गेले, "हो, ऑइल राहिलं की असंच होतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग खाली उतरली, लंगडत, आणि भिंतीजवळच्या स्टुलावर बसली. पोशीरच्या अलीकडे चढ संपता संपता मागचं चाक जागच्या जागी थांबलं आणि वालाच्या शेंगांची दोन पोती घेऊन दोघं रस्त्यावर पडली होती. त्याला खरचटलंही नव्हतं. तिचा गुडघा सुजला होता.

"मग तुम्ही कशाला आलात एवढा पाय घेऊन?" मी विचारलं.

"मला ऐकायचंय," ती म्हणाली. "पंधरा दिस झालं, वाडीत सगल्यांना सांगून झालं यांचं. लेकीच्या सासरी बी फोन केला. बायकोनं गाडी मारली म्हनून."

मला माझ्याच बोलण्याची लाज वाटली. रसायनीच्या कारखान्यात मी बावीस वर्षं वर्कशॉपमध्ये काढली. आयटीआयमधून टर्नर होऊन मी तिथे लागले तेव्हा मास्तराची मुलगी लेथवर उभी राहते म्हणून कर्जतमध्ये बरंच बोललं गेलं होतं. तिथे एखादा पंप जाम झाला की रात्रपाळी दोष दिवसपाळीवर ढकलायची आणि दिवसपाळी रात्रपाळीवर. मी पंप उघडून सुटे भाग टेबलावर मांडेपर्यंत तोंड उघडत नसे. आणि इथे मी गाडी न उघडताच निकाल देऊन मोकळी झाले होते.

"थांबा," मी म्हटलं. "मी आत्ता बोलले ते सोडून द्या. आधी बघू."

टाकीची नळी काढून थोडं पेट्रोल काचेच्या तुकड्यावर ओतलं आणि काच उन्हात ठेवली. पेट्रोल उडून जातं, ऑइल असेल तर मागे राहतं. पाच-सात मिनिटांत काच वाळली आणि वर निळसर, चिकट थर उरला. मी त्यात बोट फिरवून दोघांना दाखवलं.

"हे ऑइल आहे. पुरेसं आहे."

तो काचेवर वाकला, नाक लावून वास घेतला. "मंग नंतर घातलं असंल," तो म्हणाला. "गाडी पंधरा दिस पडवीतच व्हती."

ती गुडघा चोळू लागली. मला मात्र राग आला, आणि राग आला की माझे हात जास्त नीट चालतात. मी त्याला विचारलं, पकडायच्या आधी गाडी कशी चालत होती?

त्याचा चेहरा खुलला. "काय पिकअप आला व्हता ताई! रेस सोडली तरी पलतच राहायची. इतक्या वर्सांत अशी पलाली नव्हती."

मी मान हलवली. इंजिनाने मागितलं नसताना पळायला लागणं हे चांगलं लक्षण नसतं. मनात एक शंका आली होती. ती उघडल्याशिवाय सांगायची नाही असं ठरवलं. सिलिंडरवरचं हेड काढलं, पिस्टनच्या डोक्यावर नुसतं डिझेल ओतलं आणि दोन दिवसांनी या म्हटलं. जाम झालेल्या इंजिनावर हातोडा चालवणारे पुष्कळ आहेत. मी नाही चालवत. दोन दिवस ते डिझेल हळूहळू कडेने खाली उतरू द्यायचं, मग सिलिंडरभोवती उकळत्या पाण्यात बुडवलेली फडकी गुंडाळायची. बाहेरचं लोखंड जरा सैल होतं, आणि लाकडी ठोकळ्याच्या हलक्या ठोक्यांनी काम होतं.

दोन दिवसांनी ती आधी आली, शेअर रिक्षाने. तो अर्ध्या तासाने आला. मी दोघांना समोर बसवलं आणि फडकी गुंडाळली. एक बाजू ठोकायची, मग दुसरी. पंधराव्या-विसाव्या ठोक्याला सिलिंडर केसभर वर सरकला. एकदा तो हलला की मला पुढचं कळतं. आणखी थोडा वेळ लागला, पण तो सरळ वर आला, आणि पिस्टन उघडा पडला.

"आता बघा. हात लावून बघा."

ऑइल नसतं तर पिस्टन चहूबाजूंनी खरवडला गेला असता. इथे ओरखडे फक्त पुढच्या बाजूला होते, जिथून धूर सायलेन्सरमध्ये जातो. डोकं राखेसारखं पांढरं पडलं होतं. मी खाली क्रँकच्या खोबणीत बोट घातलं आणि त्याच्या तळहातावर पुसलं. बोटाचा काळा, तेलकट ठसा उमटला.

"मी वरून ओतलं ते नुसतं डिझेल. हे चिकट ऑइल खाली इंजिनाच्या पोटात आहे," मी म्हटलं. "इंजिन फिरल्याशिवाय ते इथपर्यंत पोचत नाही. आणि गाडी त्या दिवसापासून फिरलेली नाही. नंतर कुणी टाकीत घातलं असतं तर ते टाकीतच राहिलं असतं."

तो हाताकडे बघत राहिला. "मंग पकडली कशानं?"

"पेट्रोल कमी आणि हवा जास्त गेली. भट्टीला भाता मारल्यासारखं आत तापलं. तुमचा पिकअप तो. आता हवा कुठून शिरली तेवढं बघू."

कार्बोरेटर सिलिंडरला जिथे बसतो तिथे मध्ये एक पातळ पॅकिंग असतं, हवा शिरू नये म्हणून. मी दोन नट काढले आणि पॅकिंग चिमटीत धरून उजेडात आणलं. जाड, गुळगुळीत पुठ्ठा होता. पेट्रोलाने भिजून एका बाजूला फाटलेला. दुसऱ्या बाजूला लाल रंग आणि त्यावर सोनेरी अक्षरं शिल्लक होती: "आपले आगमन".

"हे कुणी बसवलं?" मी विचारलं.

त्याने तळहातावरचा काळा ठसा अंगठ्याने पुसायला घेतला. रस्त्यावरून एक रिसॉर्टची गाडी गाणी वाजवत गेली.

"मीच," तो म्हणाला. "दिवालीनंतर कार्बोरेटर साफ केला. पॅकिंग तुटलं. घरात लग्नाची पत्रिका पडली व्हती, तिचं कापलं."

ती स्टुलावरून उठली, जवळ आली आणि माझ्या चिमटीतला तो तुकडा निरखून पाहिला. मग हसायला लागली. आवाज न करता, पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत. तोही जरासा हसला, तशी ती थांबली.

"तुमी हसू नका," ती त्याला म्हणाली. "ज्यांना ज्यांना सांगितलंत ना, त्यांना त्यांना आता हे सांगायचं. लेकीच्या सासऱ्याला पयलं."

"सांगतो गं."

"फोनवर नाय. जाऊन."

"बरं, जाऊन."

मग तिने माझ्याकडे वळून म्हटलं, "तुमी बी तवा तसंच बोललात, ताई."

"बोलले," मी म्हटलं. "चुकलं माझं."

तिने मान डोलावली आणि विषय संपवला.

नव्या मापाचा पिस्टन मुंबईहून कुरिअरने यायला आठवडा गेला. तोपर्यंत मी सिलिंडर बोर केला, म्हणजे आतून तासून त्या मापाला आणला. या कामात मला माझ्या हातावर पूर्ण भरवसा आहे. मशीन पाती फिरवते, पण कधी थांबायचं हे कान सांगतो. पातं सगळीकडे सारखं लागलं की किरकिर जाऊन एकच सूर येतो. नवा पिस्टन ऑइल लावून सिलिंडरमध्ये सोडला तेव्हा तो आपल्याच वजनाने सावकाश खाली गेला, आणि मी तो पुन्हा एकदा, उगाच, सोडून पाहिला.

दोघं गाडी न्यायला आली त्या दिवशी मी आधी तिला बसवलं. पॅकिंगचा खरा कागद कसा असतो, तो कार्बोरेटरच्या तोंडावर ठेवून कडेने हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी कसा कापायचा, ते दाखवलं. पहिला तिने वाकडा कापला, दुसरा माझ्यापेक्षा बरा. तो तिने स्वतः बसवला आणि नट मी सांगितले तसे आळीपाळीने आवळले. नवरा किक मारायला पुढे झाला. पाचव्या किकला इंजिन उठलं, दुकानभर निळा धूर झाला आणि शेजारचा चहावाला खोकत बाहेर आला.

"महिनाभर ओझं नाही," मी आवाज चढवून सांगितलं. "पोती नाहीत. रेस अर्ध्याच्या वर नाही."

"आनी मी?" तिने विचारलं.

"तुम्ही चालाल."

जाताना तिने जुना पिस्टन मागून घेतला. वाडीत दाखवायला लागेल म्हणाली. मी तो फडक्यात बांधून दिला.

पावसाळ्याच्या तोंडाशी ती एकटीच दुकानात आली, पॅकिंगचा कागद न्यायला. वाडीत दुसऱ्या कुणाच्या गाडीला हवा होता आणि कापायला तिलाच बोलावलं होतं. नवऱ्याने सांगितलं का सगळ्यांना, असं मी विचारलं.

"सांगितलं? आता त्यांना गप बसवावं लागतं," ती म्हणाली. "लेकीच्या सासरी गेलो तर तिथं अशी गोष्ट सांगितली, का मानसं हसून लोललीत. नवरा मांडवात आनी नवरी इंजिनात, असं काय काय जोडतात. पिस्टन घेऊन बसतात पुढ्यात."

"आणि तुम्हाला काय म्हणाले?"

ती कागदाची गुंडाळी पिशवीत सरळ ठेवत होती.

"मला काय म्हननार? ऑइल अजून मीच घालते. परवा बाजारात कुनीतरी विचारलं, किती घालायचं, तर हे म्हनाले, मला नाय ठावं, हिला इचारा."