राधानगरीच्या गाडीतला डबा
ऑफिसात कुणी खर्ड्याचा डबा उघडला, की त्या तिखट वासाबरोबर मला कोल्हापुरातलं आमचं हॉस्टेल आठवतं. पहिल्या वर्षाच्या आम्हा सहाजणींना कॉलेजनं एकाच मजल्यावर ठेवलं होतं, एकत्र राहा, एकत्र अभ्यास करा म्हणून. पण आम्हाला खरं एकत्र आणलं ते राधानगरीकडच्या मैत्रिणीच्या डब्यानं. तिची आई पहाटे भाकरी थापून, खर्डा वाटून सहाजणींना पुरेल एवढा डबा सकाळच्या एसटीत ठेवायची, आणि रिकामा डबा घासून आम्ही संध्याकाळच्या गाडीनं परत पाठवायचो. त्या दिवशी मी स्टँडवरून डबा घेऊन आले, तर फाटकात तिचा मामा मोटारसायकल लावून उभा. मला बाजूला घेऊन म्हणाला, "डबा गाडीत देऊन घरला आली आन् दारातच पडली. गेली. पोरीला आई आजारी हाय एवढंच सांगितलंय, तू बोलू नगंस." तेवढ्यात ती जिना उतरून आली. माझ्या हातात डबा बघून म्हणाली, "माझी वाट बघू नका, खाऊन घ्या की. आई पैलं त्येच इचारती, पोरींनी खाल्लं काय म्हणून." ती मामाच्या गाडीवर बसून गेल्यावर मी वर जाऊन सगळ्यांना सांगितलं. भाकरी अजून मऊ होत्या. आम्ही पाचजणींनी रडत रडत सगळं खाल्लं, एक तुकडा उरू दिला नाही. मग मी सवयीनं डबा घासला, पुसला, पिशवीत घातला, आणि तो आता पाठवायचा कुणाकडे, हे कळेना म्हणून तशीच उभी राहिले. अजूनही डबा घासून झाला, की क्षणभर मी तशीच उभी राहते.