ओळख न दाखवण्याचा सराव

गळ्यापर्यंत पाण्यात उभी राहून तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ओळख दाखवली नाही. मी तिला नावानं हाका मारत होते. ती ओरडली नाही. कावेरीच्या पाण्यालाही आवाज नव्हता.

ही नजर मला नवी नव्हती.

पोरगी पुण्याकडची. पदवी झाल्यावर पुढच्या संशोधनासाठी कुंभकोणमला आली आणि माझ्या माडीवर भाड्यानं राहिली. तिला मराठी घर हवं होतं. आमचं तंजावरी मराठी ऐकून हसायची.

"आजी, असं तर माझी पणजीसुद्धा बोलत नसेल."

"तुझ्या पणजीला बोलता येत नव्हतं, त्याला मी काय करू गे?"

शिक्षण संपलं की एकटीनं जॉर्जियाला जायचं, पाठीवर सॅक घेऊन डोंगर चालायचे, असं तिनं ठरवलं होतं. सराव इथंच सुरू. वजनासाठी सॅकमध्ये माझा इडलीचा तांदूळ भरायची आणि नदीच्या कोरड्या पात्रात चालून यायची. माझ्यापेक्षा माझा तांदूळ जास्त हिंडला, असं मी शेजारणींना सांगायची.

दुसरा सराव विचित्र होता. दर शुक्रवारी ती कुणालाच ओळखायची नाही. सकाळी बजावायची, "आज मी तुम्हाला ओळखत नाही, आजी. तिकडं मला कोण ओळखणार आहे?" भाजीबाजारात समोर आली की भिंतीवरून फिरावी तशी तिची नजर माझ्या तोंडावरून फिरायची. एकदा मी मुद्दाम वाट अडवली. तमिळमध्ये "जरा सरकता का?" म्हणून बाजूनं निघून गेली. त्या दिवशी मी तिला जेवायला वाढलं नाही.

"काल उपाशी ठेवलंत मला!"

"कालची बाई माझ्या ओळखीची नव्हती."

पोट धरून हसली. मला मात्र त्या नजरेची भीती वाटायची. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, निघायच्या आधीच निघून गेलेली.

पात्रात नवं पाणी आलं तो शुक्रवार होता. आम्ही बायका हळदकुंकू घेऊन घाटावर गेलो होतो. नव्या पाण्याची पूजा झाल्याशिवाय इथं कुणी नदीत उतरत नाही. वाळू उपसलेले खड्डे गढूळ पाण्याखाली दिसत नाहीत. कोरड्यात पोरगी त्यांना वळसा घालून जायची. आज सॅक पाठीवर घेऊन पलीकडून सरळ येत होती, पाणी जेमतेम पोटरीभर. डोंगरातले ओढे असेच ओलांडायचे असतात, असं ती म्हणायची.

मी ओरडले, "थांब!" शुक्रवार होता. थांबली नाही.

घाटाजवळ येऊन ती एकदम गळ्यापर्यंत खाली गेली. सॅकची छातीवरची, कमरेवरची बकलं लावलेलीच. मी उतरले आणि सॅकचा पट्टा धरला. भिजलेला तांदूळ किती जड होतो ते मला कुणी सांगायला नको. मग पायाखालची वाळू सरकली. बायकांनी माझे दंड धरून मला मागं ओढलं. पट्टा हातातून सुटला.

पाण्यात आम्ही दोघी होतो. वाचले मी.