रफू दिसला की ठिगळ

माझी नणंद रफू करते. वकिलांच्या कचेऱ्यांच्या जुन्या इमारतीत, जिन्याखाली, जिथे उभं राहिलं की डोकं आपटतं, तिथे तिची खुर्ची. तोंडाने फटकळ, हाताने हळुवार. कोटाच्या आतल्या मुडपीतून त्याच कापडाचे धागे उपसायचे आणि भोकावर एक वर, एक खाली असे विणायचे, की भोक कुठे होतं ते मालकालाही सापडू नये. "रफू दिसला की ते ठिगळ," हे तिचं ब्रह्मवाक्य. एकदा मी म्हटलं, ताई, जे दिसतच नाही त्याची जाहिरात कशी व्हायची? तर म्हणे, "तुझ्या स्वयंपाकाची होते ना, करपल्याच्या वासाने."

शेवटी इमारतीच्या सेक्रेटरींनी बजावलं. गिऱ्हाईक फिरकत नाही, महिनाअखेर जागा मोकळी करा, तिथे मोबाइलची कव्हरं विकणारा बसेल. त्या दिवशी ताई जेवली नाही. मला तिचं तोंड आवडत नाही, पण ते बंद झालेलं त्याहून आवडत नाही.

तेवढ्यात वाचनालयाचं बोलावणं आलं. नामशेष होत चाललेल्या गोष्टींवर गोष्टी सांगायची संध्याकाळ होती. दारावर ताईचा फोटो आणि खाली ठळक अक्षरांत 'रफूचक्कर : शहरातली शेवटची रफूवाली'.

"शेवटची?" ताई म्हणाली. "मी गेले, तर निदान मला तरी कळवायचं."

तरी आत गेली. चार गिऱ्हाइकं मिळाली तर जागा वाचेल, एवढ्याच आशेवर.

सभागृहात हळहळीला नुसता ऊत आला होता. एक प्राध्यापक शांतता कशी हरवतेय यावर बोलायला उठले, ते बसेचनात. एका बाईंनी हस्ताक्षर वाचवा असं कळवळून सांगितलं, मोबाइलवरून वाचून. ताईची पाळी आली आणि निवेदकाची बाही खुर्चीच्या खिळ्याला अडकून टर्रकन फाटली. मला तर देवच पावल्यासारखं झालं.

ताईने कोट काढून घेतला आणि विणता विणता एका वकिलाची गोष्ट सांगितली. त्याचा कोट उंदरांनी कुरतडला होता. तिने तो रफू करून दिला, तो घालून त्याने खटला जिंकला आणि त्यानंतर रस्त्यात तिला कधी ओळख दाखवली नाही. दाखवली असती, तर कोट कुरतडलेला होता हे जगाला कळलं असतं ना.

लोक हसले. ताईने कोट परत दिला. निवेदकाने बाही दिव्याखाली धरून उलटीसुलटी केली.

"फोटोत काहीच येत नाहीये," फोटोवाला म्हणाला.

"मुळात फाटला होता का?" मागून कुणीतरी विचारलं. टाळ्या पडल्या, पण त्यात जीव नव्हता.

निवेदक वाकून हळूच म्हणाला, "मावशी, काम छानच. पण जरा दिसेल असं कराल का? लाल धाग्याने? आपण कला जपतोय हे लोकांना कळायला हवं."

ताईने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली, कारण महिनाअखेर मलाही ठाऊक होती. ताईने सुईत लाल धागा ओवला.

आता जिन्याखाली रांग असते. लोक धडधाकट कपडे आणतात आणि म्हणतात, इथे खिशावर एक टाका, सगळ्यांच्या नजरेत भरेल असा. सेक्रेटरीही आपला नवाकोरा सदरा घेऊन आले. म्हणाले, "जागेची काळजी सोडा, तुम्ही तर इमारतीची शान." ताई मुकाट ठिगळं घालते. परवा माझी भाजी करपली, तर तीही निमूट खाल्ली. तेव्हा मात्र माझा धीर सुटला.

सकाळी उठून मी ठेवणीतला लोकरी कोट काढला, दाराच्या खिळ्याला अडकवला, डोळे मिटले आणि ओढला. मग तो जिन्याखाली नेऊन दिला.

ताईने फाटलेल्या कडा बोटांनी चाचपल्या. "अडकला की अडकवलास?"

"अडकला," मी म्हटलं.

"खोटंसुद्धा करपवलंस," ती म्हणाली. लाल रीळ तिने बाजूला सारलं, आणि माझ्या कोटाची आतली मुडप उसवायला घेतली.