मॅक्रोतली शून्याची ओळ

वर्ध्याच्या कॉलेजात मी शिकवतो; प्रकल्पावरचा एक विद्यार्थी माझ्या शेजारी बसतो. कोडची ओळ लिहिण्याआधी ती पुटपुटून बघतो. गावोगावच्या रुग्णवाहिकांचे मार्ग ठरवायचा प्रोग्रॅम आम्ही करत होतो. मार्गांना गुण देणारी फंक्शन्स कोडच्या लायब्ररीत तयार होती. तरी त्याने मॅक्रो, म्हणजे कोड लिहिणारा कोड, वापरून स्वतःचं फंक्शन लिहिलं. एकाही गावाला गाडी उशिरा पोचली, तर सगळ्या आराखड्याला शून्य.

“सरासरी वेळ धरू ना,” मी म्हणालो.

“माही माय आमच्या गावात, रोहण्याले, गाडीची वाट पाहता पाहता गेली सर. सरासरी तवाही चांगलीच असन.”

वरिष्ठांना सरासरीच हवी होती. शेवटी ती ओळ मीच खोडली. दुसऱ्या दिवशी त्याने पडद्यावर पाहिलं. भांडला नाही.

“रोहणा तेवढं गावांच्या यादीत राहू द्या,” म्हणाला.