वरणाची बादली म्हणजे मशिनगन

लग्नाच्या पंगतीत लहानूभाऊ शिरले, की आम्हा वाढप्यांची फौज व्हायची. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन गावी आलेला हा माणूस. दहा जण दिसले की त्यांची सेक्शन, म्हणजे फौजी तुकडी, केल्याशिवाय त्याला चैन नसे. भात-भाजीवाले रायफलवाले, आणि वरणाची बादली म्हणजे लाइट मशिनगन! "जड अस्ते, पन तिच्याबिगर लढाई नाई," म्हणायचे. बादलीवर मी एक नंबर. माझा मित्र रामा दोन नंबर, भरलेली दुसरी बादली घेऊन पाठीशी. "दोन नंबरले हाक माराची पाळी आली तं समज, दुश्मन आत शिरला!" दुश्मन म्हणजे वऱ्हाडी.

हाताखालची कमान, म्हणजे त्यांच्यानंतरचा हुकूम, त्यांनी यशोदाबाईंना दिली. आरमोरीच्या बाजारात भाजी विकणारी बाई, हाक नाल्यापलीकडे पोचायची. गडी फुरंगटले, "बाई काऊन?"

"गोळीबारात मिशी आयकू येत नाई, आवाज येते! मी पडलो तं तिनं ओरडाचं, 'सेक्शन, माह्या कमानीत!' रडाचं मांगून."

आम्ही पोट धरून हसलो. मग मोहफुलांचे दिवस आले. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून कुणीतरी झाडाखालचा पाचोळा पेटवला, वारा फिरला आणि भरदुपारी जंगल पेटत गावाकडे निघालं. पहिलं घर आमचं! अंगणात बैलांच्या वर्षाच्या चाऱ्याची तणीस रचलेली.

"सेक्शन, गोळा व्हा!" लहानूभाऊंचा आवाज असा खुलला होता, जणू याच दिवसाची वाट पाहत होते. फवारणीचा पंप माझ्या पाठीवर चढला. बाकीच्यांच्या एका हातात आग झोडपायला पळसाची ओली फांदी, दुसऱ्या हातात पाण्याचा लहान गुंड, कळशीसारखा. "पानी आपल्यासाठी नाई, मशिनगनसाठी! फौजेत हरेक रायफलवाला तिच्या गोळ्या वागवते."

काय लढलो आम्ही! पंप रिकामा होतो न होतो, तोच रामा मागून ओतत होता. ज्वाळा खाली बसू लागल्या, आणि तेवढ्यात धुरानं गुदमरून लहानूभाऊच कोसळले. सगळे जागीच थिजले. आग पुन्हा उठली.

"सेक्शन, माह्या कमानीत! रामा, भाऊले मांगं ने! बाकीचे पुढं!"

यशोदाबाई! आम्ही धावलो. बैलगाडीच्या वाटेवर आग विझली. अलीकडे आमची तणीस जशीच्या तशी! मी आनंदानं ओरडत सुटलो. खोकत बसलेल्या लहानूभाऊंनी डोळे पुसत बाईंना कडक सलाम ठोकला. "पाह्यलं? मी पडलो, सेक्शन नाई पडली!"

काही वर्षांनी ते गेले. अंगणात सारी सेक्शन जमली होती, पण तिरडीला हात लावायला कुणी पुढे होईना. तेव्हा तोच आवाज आला, या वेळी थोडा कापरा.

"सेक्शन, माह्या कमानीत."

आम्ही उचललं. वाटेत माझा खांदा अवघडला. मी हाक मारली नव्हती, तरी रामा मागून येऊन खांद्याला लागला होता.