माझी चूक, अण्णाच्या नावावर

तीन आठवड्यांपूर्वी सकाळी फोनवर अण्णाचं नाव दिसलं आणि मी हॅलोसुद्धा न म्हणता विचारलं, "आता काय चुकलं तुझं?" पलीकडे वहिनी होती. ती म्हणाली, "हे गेले."

थोरल्या भावाशी असं कोण बोलतं? पण त्यानंच मला तशी सवय लावली होती. तंजावुरात जन्मभर गणित शिकवलेला हा माणूस, कुठेही काही बिघडलं की आधी स्वतःला दोषी धरायचा. विद्यार्थी नापास झाला, मी नीट शिकवलं नाही. भाचीचं लग्न मोडलं, स्थळ मी सुचवलं होतं. रसमात मीठ जास्त पडलं तरी म्हणायचा, मीच हिला बोलण्यात गुंतवलं. ऐकून ऐकून माझं डोकं उठायचं.

आई गेली तेव्हा तिथी लिहून ठेवायचं काम माझ्याकडे होतं. आमच्या तंजावरी मराठी घरांत श्राद्ध मराठी महिन्यांनी आणि भिंतीवरचं कॅलेंडर तमिळ. त्यात आडी महिना होता. आडी म्हणजे आषाढ असं धरून मी आषाढ शुद्ध सप्तमी लिहून दिली. खरं तर श्रावण लागला होता. तीन वर्षं आईचं श्राद्ध महिनाभर आधी झालं. अण्णानं जुनं पंचांग काढून ते शोधलं आणि मोपेडवरून घरोघर सांगत सुटला. आत्याकडे मी त्याच्याबरोबर होते. "अस्की चूक माझी," तो म्हणाला; अस्की म्हणजे सगळी. आईची तिथी ठाऊक नाही, कसला मास्तर तू, म्हणत आत्यानं त्याला तासभर फैलावर घेतलं. मी शेजारी बसून कॉफी पीत होते. मी नोकरी करत होते त्या ओरत्तनाडूच्या कचेरीत माझ्या अचूकपणाचा दबदबा होता, तो मला सांभाळायचा होता.

परतताना मी त्याच्यावरच चिडले. "तुला कुणी सांगितलं होतं अंगावर घ्यायला?"

"पडताळून बघायचं काम माझं होतं," तो म्हणाला.

म्हणजे आपल्या वाट्याची चूक त्यानं शोधून काढलीच... माझी तशीच राहिली. बारा वर्षं.

हे इथं मराठीत लिहिणं सोपं आहे. आमच्या नातेवाइकांत देवनागरी कुणालाच वाचता येत नाही. मला ती अण्णानंच शिकवली. म्हणून गेल्या रविवारी वहिनीसमोर बसून सगळं तोंडानं सांगितलं. ती भेंडी चिरत होती.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "त्याच दिवशी हे येऊन मला सांगिटले. म्हणाले, तू तिला काही विचारू नको, ती आपणहून सांगेल आत्याला."

बारा वर्षं वाट पाहिली या माणसानं आणि एकदाही हटकलं नाही. संताप येतो मला. दोन शब्द बोलला असता तर त्याच्या देखत कबूल केलं असतं... असं म्हणते खरी, पण हीही चूक मी त्याच्याच माथी मारते आहे.

आत्या नव्वदीला आली आहे, कान शाबूत आहेत. उद्या सकाळी तिच्याकडे जायचं आहे. वहिनी सोबत येते म्हणाली. मी नको म्हटलं.