आत्या भरल बघायला आल्या

आमच्या हिंगोलीकडे सासूला आत्या म्हणतात. माझ्या आत्यांनी डोंगर म्हणून उभ्या आयुष्यात काय पाहिलं असेल, तर शेताच्या वाटेवरची माळाची टेकडी.

गावात मोबाईल नुकते आले होते, तेव्हाची गोष्ट. मी कुरुंद्याच्या शाळेत शिकवत होते. नांदेडच्या डोंगर चढणाऱ्या एका मंडळाबरोबर हिमालयातल्या अभयारण्यात जायचं मी ठरवलं, तर आत्या म्हणाल्या, "मी बी येते. हळद शिजवून झाली, आता घरी बसून काय करू?" नवरा हसला. मला मात्र घाम फुटला. साठी उलटलेली बाई, अंगावर नऊवारी, आणि जायचं ढगांच्याही वरच्या कुरणावर!

आमच्या म्होरक्याने त्यांना पाहून नाक मुरडलं. "मावशी, दम लागला तर खाली परत पाठवीन हं."

आत्यांनी लुगडं खोचलं, थोरल्या नातवाचे पीटीचे बूट घातले आणि खुरपणीला पात धरावी तशी वाट धरली. घाई नाही, थांबणंही नाही. पुढे पळालेली पोरं वळणावर धापा टाकत बसलेली दिसायची, आत्या त्यांच्या बाजूने निघून जायच्या. वनखात्याच्या चौकीवर पोचल्या तेव्हा निम्मी मंडळी अजून खालीच होती. माझी छाती अशी फुगली की मलाही दम लागलाय हे विसरले.

घोटाळा झाला दुसऱ्या दिवशी. भरल म्हणजे तिथल्या निळसर करड्या रानमेंढ्या, त्या बघायलाच सगळे आले होते. आम्ही खडकामागे दबा धरून बसलो. उन्हं वर आली तसा कळप कड्यावरून कुरणात उतरला आणि चरू लागला. कुणी श्वासही घेत नव्हतं. तेवढ्यात माझ्या शेजारी आत्या ताडकन उठल्या, दोन्ही हात वर केले आणि ओरडल्या, "हुर्रऽऽ! हाड! हाड!"

कळप डोळ्यांदेखत गायब.

म्होरक्या लालबुंद झाला. आत्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "हरभऱ्यात रोही शिरले की असंच वरडतो ना आमी. हिरवं खाऊन राहिले दिसलं, अन् तोंडातून निघूनच गेलं."

बांधावर उभं राहून नीलगाई हाकलण्यात जन्म गेलेली बाई ती, दुसरं काय करणार? पण म्होरक्याने फर्मान काढलं. उद्या शेवटची सकाळ, मावशी चौकीवरच थांबतील.

माझं टाळकं सरकलं. "चढताना तुमची पोरं यांच्या मागे होती, तेव्हा नाही कुणाला खाली पाठवलं! त्या थांबल्या तर मीही थांबते."

आत्याच मध्ये पडल्या. "काहून भांडता माय? मी तोंडात पदर कोंबून बसते. माझ्यानं पुन्हा कोनाला तकलीफ व्हायची न्हाई. पन मला पाहू द्या. हाकलायच्या नादात पाहायचं राहूनच गेलं."

म्होरक्या मग म्हणाला, "या."

सकाळी आत्या खरंच पदराचा बोळा तोंडात धरून बसल्या. कळप पुन्हा येतो की नाही, हे बघत मी कड्यावर नजर लावून होते. उशिरा का होईना, आला. एक मादी पिलाला घेऊन इतकी जवळ आली की गवत तोडल्याचा आवाज ऐकू येत होता. आत्यांची पकड माझ्या मनगटावर घट्ट होत गेली, पण त्यांनी ब्र काढला नाही. कळप पोटभर चरून आपला आपण वर निघून गेला, तेव्हा कुठे त्यांनी पदर सोडला. डोळे भरून आले होते.

"दिसलं का, मावशी?" म्होरक्याने हळूच विचारलं.

"व्हय. रोह्याला सारा जल्म हाकललं बाबा, पन त्याचं तोंड कधी पाह्यलं न्हाई."

उतरताना त्यांची पिशवी म्होरक्याने स्वतःच्या खांद्यावर घेतली.

वाटेत वर चढणारा दुसरा एक गट भेटला. त्यातल्या एकाने आत्यांकडे बघत मला विचारलं, "या कोण?"

"माझ्या सासूबाई! वरपर्यंत जाऊन आल्यात!" मी इतक्या जोरात म्हणाले की दरीतून आवाज परत आला.

आत्यांनी झटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. "हळू बोल ना पोरी. ते चरून राहिले असतील."